दोन गाड्यांमधली मुंबई

(मंडळाच्या मासिक स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कार्यवाहांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही रेल्वेतले, सतत फिरतीवर असता, प्रवासावर काहीतरी बोला." आता रेल्वेतला माणूस प्रवास करतो हा एक गोड गैरसमज आहे. मी रुळांचा माणूस. जळगावच्या शासकीय तंत्रनिकेतनात सिव्हिलचा डिप्लोमा केला, नोकरीला लागलो आणि गेली वीस-बावीस वर्षं खडी, स्लीपर आणि रूळ यांच्यातच गेली. गाड्या आमच्यासमोरून जातात, आम्ही बाजूला उभे राहून हिरवा झेंडा दाखवतो! पण दोन गाड्यांच्या मध्ये जो रिकामा वेळ असतो, त्याबद्दल मला दोन गोष्टी सांगता येतील. तर आजचा विषय तोच. गाडी बदलायला एखाद्या शहरात उतरलो, हातात काही तास आहेत, तर तिथलं खाणं कसं बघावं? शहर म्हणून मी मुंबई घेतली आहे.

तुमच्यापैकी निम्मे लोक मनातल्या मनात म्हणाले असतील, "आम्हाला मुंबई काय सांगतोस?" पण मंडळी, मी भुसावळचा. शेवभाजी आणि वांग्याच्या भरितावर वाढलेला. मुंबई माझ्या लेखी व्ही.टी. स्टेशन आणि एखाद्या नातेवाइकाचं लग्न, एवढीच. माझी सासुरवाडी मात्र कुडाळची. दिल्लीहून कोकणात थेट गाड्या आहेत, पण सुट्टीच्या दिवसांत त्यांची तिकिटं मिळाली नाहीत की मुंबईत गाडी बदलावी लागते. २०२३ च्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं तसेच निघालो. सौ., दहावीत गेलेले चिरंजीव, सहावीतली कन्या आणि मी. राजधानी सकाळी साडेआठच्या सुमारास मुंबई सेंट्रलला पोचते आणि कोकणकन्या रात्री अकराच्या सुमारास सी.एस.एम.टी.हून सुटते. मधले चौदा तास करायचं काय? नातेवाइकांकडे चौघांनी सामानासकट जायचं, त्यांनी आपल्यासाठी रजा टाकायची, हे मला पटत नाही. सौ. म्हणाली, "आज घरचं कुणाचंच नको. मुंबई जे खाते ते खाऊया." ठरलं.

एक भूगोलाची गोष्ट आधी सांगतो. दिल्ली-गुरुग्राम कर्कवृत्ताच्या वर आहे आणि मुंबई खाली, साधारण १९ अक्षांशावर. राजधानी मध्यरात्रीच्या सुमारास नागदा आणि रतलामच्या मध्ये कर्कवृत्त ओलांडते. आपण झोपेत असतो, त्यामुळे कळत नाही. सकाळी पडदा सरकवला की मात्र ताडाची झाडं दिसतात, हवा अंगाला चिकटते आणि लक्षात येतं की आपण उष्ण कटिबंधात आलो. गव्हाचा मुलूख मागे राहिला आणि भात, नारळ, कोकम आणि मासे यांचा सुरू झाला. गुरुग्रामचं ऊन भट्टीसारखं कोरडं, मुंबईचं भांड्यावर झाकण ठेवल्यासारखं. या दमट हवेत भूकही वेगळी लागते. जड पराठा नको वाटतो आणि काहीतरी आंबट, पातळ हवंसं वाटतं.

पहिलं काम सामानाचं. टॅक्सी करून थेट सी.एस.एम.टी. गाठलं आणि बॅगा क्लोकरूममध्ये टाकल्या. एक सूचना लिहून ठेवा, बॅगेला कुलूप नसेल तर क्लोकरूममध्ये घेत नाहीत, आणि प्रवासाचं तिकीट जवळ हवं. ज्या स्टेशनवरून रात्रीची गाडी सुटणार, त्याच स्टेशनवर सामान ठेवावं. म्हणजे दिवसभर हात मोकळे आणि शेवटी धावपळ नाही.

तिथून चालत धोबीतलावला गेलो. मेट्रो सिनेमाच्या समोर कयानी अँड कंपनी हे इराणी हॉटेल १९०४ पासून आहे. ब्रून मस्का आणि चहा मागवला. ब्रून म्हणजे बाहेरून कडक, आतून मऊ असा पाव. मध्ये चिरून लोणी लावतात आणि चहात बुडवून खातात. कन्येनं तो नुसताच चावायचा प्रयत्न केला, आणि मग शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी तिला बुडवून दाखवलं.

आता या एका बशीत किती देश आहेत बघा. पाव हा शब्दच पोर्तुगीजांचा, तो गोव्यातून आपल्याकडे आला आणि गोव्याच्या बेकरीवाल्यांनी तो मुंबईत रुजवला. हॉटेल चालवणारे इराणहून, बरेचसे याझद आणि केरमानच्या बाजूचे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेले. चहा आसामचा नाहीतर निलगिरीचा. यात मुंबईचं काय? मुंबईचं गिऱ्हाईक! त्या काळी जातीजातींची हॉटेलं आणि खानावळी वेगळ्या असायच्या. इराण्याकडे संगमरवरी टेबलावर कोणीही कोणाच्याही शेजारी बसू शकत होता. पहाटे उघडायचं, स्वस्तात मिळायचं, कोणी "कुठले? कोण?" विचारायचं नाही. शहरात एकट्या आलेल्या माणसाला एवढं पुरेसं असतं.

तिथून चर्चगेट. मुलांना एक गोष्ट दाखवायची होती आणि तिची वेळ ठरलेली आहे, साधारण साडेअकरा. त्या वेळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमधून डबे उतरतात. पांढरी टोपी घातलेले डबेवाले स्टेशनबाहेर फूटपाथवर ते डबे मांडतात, झाकणावरच्या रंगीत खुणा आणि अक्षरं बघून वेगळे करतात आणि दहा-पंधरा मिनिटांत ती सगळी मांडामांड नाहीशी होते. हे काम १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलं. डबेवाले बहुतेक पुणे जिल्ह्यातले, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर भागातले. कोविडच्या आधी ते सुमारे पाच हजार होते. कोविडमध्ये लोकल आणि ऑफिसं बंद पडली, अनेक जण गावी गेले आणि त्यांतले सगळे परतले नाहीत.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, हे तर झोमॅटोच झालं." मी म्हटलं, झोमॅटोचं मुख्य ऑफिस आपल्याच गुरुग्राममध्ये आहे, म्हणून तुला तसं वाटतं. पण फरक नीट बघ. झोमॅटो हॉटेलचं जेवण घरी आणतं. डबेवाला घरचं जेवण बाहेर नेतो. हा फरक साधा नाही. मुंबईचा नोकरदार सकाळी सातला घर सोडायचा, तेव्हा स्वयंपाक झालेला नसायचा. लोकलच्या गर्दीत स्वतःच डबा सांभाळणंही कठीण. मग घरची चूल तिच्या वेळेनं पेटू दे आणि डबा मागाहून येऊ दे, अशी ही योजना. माणूस एका लोकलनं जातो आणि त्याची भाकरी दुसऱ्या लोकलनं. रेल्वेवाला म्हणून मला याचं फार कौतुक वाटतं. आमच्या लोकलचा थांबा वीस-तीस सेकंदांचा असतो, आणि तेवढ्यात ही माणसं डब्यांनी भरलेली लांबलचक लाकडी घोडी डब्यात चढवतात!

दुपारी एकच्या सुमारास सी.एस.एम.टी.हून लोकलनं करी रोडला उतरलो. तिथून लालबाग पाच-सात मिनिटांवर. मे महिन्यात लालबागला गेलात तर पत्ता विचारावा लागत नाही, नाकच तिकडे नेतं. मसाल्याची बाजारपेठ! वर्षाचा मसाला करायचे दिवस. ब्याडगी आणि काश्मिरी रंगासाठी, संकेश्वरी तिखटासाठी. बायका मिरच्या निवडून, गरम मसाल्याचं सामान भाजून डंकावर कुटून घेतात. भर रस्त्यात आपण सगळे शिंकतोय आणि सौ.चा चेहरा मात्र माहेरी पोचल्यासारखा. कुडाळला दुसऱ्या दिवशी पोचणार होतो, तरी तिनं मालवणी मसाला तिथंच घेतला. मी विचारलं, "अगं, कुडाळला मिळणार नाही का?" ती म्हणाली, "माझी आई हाच लालबागहून मागवायची." माझ्या खानदेशी काळ्या मसाल्यानं यावर गप्प बसणंच पसंत केलं.

जेवायला आम्ही जवळच्याच एका चाळीतल्या खानावळीत गेलो. मसाल्याच्या दुकानदारानंच सांगितलं होतं. पाटी नाही, तळमजल्यावरची खोली, चार टेबलं. चिरंजीवांनी फोन काढून त्या जागेला किती तारे आहेत ते शोधलं. एकही नव्हता, कारण ती जागाच फोनला माहीत नव्हती. ताटात तळलेला बांगडा, तिरफळ घातलेली बांगड्याचीच आमटी, तांदळाची भाकरी, भात आणि वाटीभर सोलकढी. सोलकढी म्हणजे कोकमाच्या आगळात नारळाचा रस. मघाशी म्हटलं ना, दमट हवेत आंबट आणि पातळ हवंसं वाटतं? त्याचं उत्तर त्या वाटीत होतं. आणि मासे खायचे तर मे अखेरपर्यंतच, कारण १ जूनपासून पावसाळ्यात यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते.

दुपारचे अडीच झाले होते, गर्दी ओसरली होती. खानावळीच्या मावशी सत्तरीच्या जवळ आलेल्या. सौ. कुडाळची म्हटल्यावर आमच्या टेबलाशी येऊन बसल्या आणि मालवणीत "खंयच्या गो तुम्ही?" पासून सुरुवात झाली. बोलता बोलता त्यांनी जे सांगितलं, त्यासाठीच खरं तर मी आज उभा आहे.

त्या १९७९ मध्ये लग्न होऊन त्या चाळीत आल्या. खोली दहा बाय बाराची. सासूबाई खानावळ चालवायच्या आणि बावीस मेंबर होते. मेंबर म्हणजे महिन्याचे पैसे देऊन जेवणारे गिरणी कामगार. बायकामुलं गावी, कोकणात नाहीतर घाटावर, आणि हे इथे गावकऱ्यांच्या खोलीत पंधरा-वीस जण मिळून राहणारे. गिरणी तीन पाळ्यांत चालायची, म्हणून खोलीही तीन पाळ्यांत झोपायची. एक कामावरून आला की दुसऱ्याची वळकटी गुंडाळायची. तिथे चूल कुठून असणार? म्हणून खानावळ. आणि गिरणीच्या तीन पाळ्या म्हणजे खानावळीच्याही तीन पाळ्या. मावशी म्हणाल्या, "लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी सलग पाच तास झोपलेली मला आठवत नाही. पहिल्या पाळीचा डबा पहाटे, आणि दुसऱ्या पाळीचा माणूस जेवायला मध्यरात्री."

मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालचा, सुमारे अडीच लाख कामगारांचा. तो अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. पुस्तकांत आपण संपाचं राजकारण वाचतो. मावशींनी संपाचं ताट सांगितलं. पहिले दोन महिने सगळ्यांना वाटायचं, आज मिटेल, उद्या मिटेल. मेंबरांचे पैसे थांबले, जेवण चालूच. मग ताटातला ताजा मासा गेला आणि सुकट आली. मग सुकट गेली, नुसती आमटी राहिली. मग वाण्यानं उधारी बंद केली आणि पेज सुरू झाली. चिरंजीवांनी विचारलं, "पण पैसे देत नव्हते, तर जेवायला का घालायचं?" मावशी त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "बाळा, रोज जेवायला बसणाऱ्या माणसाला पानावर बसू नको असं सांगायचं कसं? सासूबाईंना ते जमलं नाही."

हळूहळू मेंबर गावी गेले. काहींनी नंतर पैसे पाठवले, काही परत दिसलेच नाहीत. कणकवलीकडचा एक जण मात्र अकरा वर्षांनी तांदळाचं पोतं घेऊन दारात उभा राहिला. सासूबाई तोपर्यंत गेल्या होत्या. मावशी म्हणाल्या, "त्याचा हिशेब आमच्या वहीत राहिला नव्हता. वही केव्हाच गेली. त्याच्या डोक्यात होता." ज्यांनी पैसे दिले नाहीत त्यांच्याबद्दल त्या एक शब्द वाईट बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "असते तर दिले असते." मग उठल्या आणि कन्येच्या वाटीत आणखी सोलकढी ओतली.

घरी आल्यावर मी यावर थोडं वाचलं. गिरणगावात अशा खानावळी चालवणाऱ्या बायका हजारोंनी होत्या. वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यांत त्या अडकलेल्या असायच्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं आणि त्यांना सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज मिळवून दिलं. आपण "गिरणी कामगारांनी मुंबई घडवली" असं म्हणतो, ते खरंच आहे. पण त्या कामगारांना ज्यांनी जेवू घातलं, त्यांची नावं गिरणीच्या मस्टरवर कधीच नव्हती.

जेवण झाल्यावर बाहेर आलो तर गिरणीची एक जुनी चिमणी दिसली आणि तिच्या मागे चाळीस-पन्नास मजल्यांच्या इमारती. मुलं गप्प होती. मीही काही बोललो नाही.

संध्याकाळी दादर. लोकलच्या प्रवासाचं एक साधं गणित आहे. सकाळी दक्षिणेकडे गर्दी, संध्याकाळी उत्तरेकडे. आपण शेवटी सी.एस.एम.टी.ला परत जाणार असल्यानं रात्री आपण गर्दीच्या उलट्या दिशेनं जातो आणि बसायला जागा मिळते. दादरला आणखी एक सोय झाली आहे. डिसेंबर २०२३ पासून पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या सगळ्या प्लॅटफॉर्मना १ ते १४ असे सलग क्रमांक आहेत. आधी दोन्हीकडे एक नंबर, दोन नंबर असायचे आणि पाहुणा हमखास गोंधळायचा.

शिवाजी पार्कच्या बाजूला प्रकाशमध्ये साबुदाणावडा आणि पियुष घेतलं. पियुष म्हणजे श्रीखंड पातळ करून प्यायला दिलं असं समजा. तिथून स्टेशनवर येऊन वडापाव. वडापावचा जन्म दादर स्टेशनबाहेर १९६६ चा, आणि त्याचं श्रेय अशोक वैद्य यांना दिलं जातं. बटाटेवडा आधीही होता, पावही होता. दोघांचं लग्न कोणीतरी लावायचं राहिलं होतं!

कन्येनं इथे विचारलेला प्रश्न मला आवडला. "बाबा, इथे सगळे उभं राहून का खातात?" इंजिनियरला असा प्रश्न विचारला की तो थांबत नाही. मी तिला सांगितलं, हा पदार्थच उभं राहून खाण्यासाठी बनवलेला आहे. एक हात लोकलच्या दांडीला, दुसऱ्या हातात वडापाव. ताट नको, चमचा नको. पाव म्हणजेच बशी. आत लसणीची चटणी सुकी, म्हणून ठिबकत नाही, कपडे खराब होत नाहीत, उन्हातही बिघडत नाही. तळलेलं आणि बटाट्याचं, म्हणून रात्री घरी पोचेपर्यंत पोटाला आधार. गाडी यायच्या आत हातात पडतो आणि दुसरं स्टेशन यायच्या आत संपतो. संपानंतर काम गेलेल्या कितीतरी कामगारांनी आणि त्यांच्या मुलांनी याच वडापावच्या गाड्या लावल्या, हे पण तिला सांगितलं. दुपारची खानावळ आणि संध्याकाळची गाडी एकमेकांच्या नात्यातली आहेत.

रात्री दहाला सी.एस.एम.टी.ला आलो, सामान सोडवलं. १८८८ मध्ये पूर्ण झालेली ती इमारत दिव्यांत झगमगत होती, पण मुलं इतकी दमली होती की युनेस्कोचा वारसा बघायला त्यांच्यात त्राण नव्हतं. कोकणकन्या वेळेवर सुटली.

तर मंडळी, एवढ्या धावपळीतून मला काय समजलं ते सांगतो. मुंबईचं खाणं एकाच प्रश्नाचं उत्तर आहे. घर सोडून कामाला आलेल्या माणसानं जेवायचं काय? त्या शहरानं याची तीन उत्तरं शोधली. पहिलं, घरचं जेवण माणसापर्यंत न्या. तो डबा. दुसरं, घर लांब असेल तर दुसऱ्या कोणाच्या घरी त्याचं पान मांडा. ती खानावळ. तिसरं, घर आणि वेळ दोन्ही नसेल तर हातात काहीतरी द्या. तो इराण्याचा ब्रून आणि दादरचा वडापाव. म्हणून गाडी बदलायला उतरलेल्या माणसानं मुंबईत वेळ कमी आहे म्हणून हळहळू नये. ते खाणं घड्याळाकडे बघत खाणाऱ्या, घरापासून लांब असलेल्या माणसासाठीच जन्माला आलं. आपण काही तासांसाठी तोच माणूस असतो.

आता शेवटची गोष्ट. आपलं गुरुग्रामही असंच आलेल्या माणसांचं शहर आहे. १९८३ मध्ये इथून मारुतीची पहिली गाडी बाहेर पडली आणि त्यानंतर माणसं येतच राहिली. आपणही त्यातलेच. इथे पहिलं उत्तर काही प्रमाणात आहे, ऑफिसला डबा नेणारे आपण आहोत. तिसरं उत्तर तर कोपऱ्याकोपऱ्यावर आहे. मोमो, छोले-कुलचे, बिहारी बांधवांचा लिट्टी-चोखा. आणि फोनवर बोट ठेवलं की दारात येतं ते निराळंच. पण दुसरं उत्तर? ते मला दिसत नाही. मानेसरच्या कारखान्यांत आणि सायबर सिटीच्या ऑफिसांत नांदेड, लातूर, कोल्हापूर, अकोल्याहून आलेली कितीतरी मुलं-मुली पी.जी.मध्ये राहतात. रोज फोनवरून मागवतात, खोलीत एकटी बसून खातात. कोणी आजारी पडलं, कोणाची नोकरी गेली, तर ज्या माणसानं पिशवी दारात ठेवली त्याला ते कळायची सोय नाही. तो बिचारा पुढच्या दाराकडे धावत असतो. खानावळीच्या मावशीला मात्र पानावर कोण आलं नाही हे दुपारीच कळायचं.

आपण उत्सवात महाप्रसाद करतो, शेकडो माणसं जेवतात, फार समाधान वाटतं. पण तो वर्षातून एकदा. मी एक सूचना मांडतो, पटली तर घ्या. आपल्यातल्या ज्या भगिनींना करावंसं वाटतं, त्यांनी आठवड्यातून एक दिवस आपल्या घरी चार-सहा मेंबरांचं पान मांडावं. फुकट नाही! पैसे घेऊनच. खानावळ हा धर्मादाय नव्हता, आणि म्हणूनच तिथे माणूस मान वर करून जेवायचा आणि वाढणारीच्या हातातही चार पैसे राहायचे. मंडळानं फक्त दोन याद्या ठेवायच्या, वाढणाऱ्यांची आणि जेवणाऱ्यांची. नव्यानं आलेल्याला एक फोन नंबर मिळाला पाहिजे, जिथे "कुठले रे तुम्ही?" असं कोणीतरी मराठीत विचारेल.

आमच्या घरापासून सुरुवात करायला सौ. तयार आहे. रविवार दुपार, सहा पानं. मसाला अर्थातच लालबागचा असेल. मी वाढायला आणि भांडी घासायला आहे, डिप्लोमावाल्याला प्रॅक्टिकल चांगलं जमतं! नावं माझ्याकडे किंवा कार्यवाहांकडे द्यावीत.



गणपती बाप्पा मोरया!